‘नेव्हर नो लमेंट’ : तीन तबकड्यांत ऐकू येणारा बेन वेब्स्टर

अमेरिकन जॅझ रचनाकार आणि पियानोवादक ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने मार्च १९४० ते जुलै १९४२ या काळात व्हिक्टर कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे ‘नेव्हर नो लमेंट : द ब्लँटन-वेब्स्टर बँड’ या नावाने २००३ साली तीन तबकड्यांच्या (सीडींच्या) संचात प्रसिद्ध झाली. एकूण ७५ मुद्रणे आणि साडेतीन तासांहून अधिक संगीत असा हा ऐवज आहे. बहुतेक रसिक हा संच एलिंग्टनसाठी घेतात आणि ते योग्यच आहे, कारण रचनाकार म्हणून त्याची इतकी सलग बहरलेली वर्षे दुसरी नाहीत. मी मात्र गेली काही वर्षे तो टेनर सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टरसाठी ऐकत आलो आहे. वेब्स्टरची कारकीर्द चाळीस वर्षांहून अधिक चालली, पण दुसऱ्याच्या वळणाने वाजवणारा एक उत्तम वादक स्वतःच्या आवाजाचा मालक कसा झाला, हे ऐकायचे असेल तर या संचाला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

संचाच्या नावापासूनच सुरुवात करायला हवी. ज्या दोघांची नावे त्यात आहेत, त्यांपैकी एकही वाद्यवृंदाचा प्रमुख नव्हता. डबल बासवादक जिमी ब्लँटन १९३९ च्या अखेरीस आला आणि क्षयाने आजारी पडून १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला. वेब्स्टर १९४० च्या जानेवारीत कायमचा सभासद म्हणून दाखल झाला आणि १९४३ मध्ये बाहेर पडला. एलिंग्टनकडे दशकानुदशके टिकलेले वादक होते. हॅरी कार्नी तर विशीच्या आत आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. तरीही जाणकारांनी या काळाला नाव दिले ते थोडक्या मुक्कामाच्या या दोन माणसांचे, आणि तबकड्या ऐकल्यावर त्याचे कारण शोधत बसावे लागत नाही. ब्लँटनने तळ हलता केला आणि वेब्स्टरने मधल्या सप्तकात एक जाड, उबदार, प्रसंगी गुरगुरणारा आवाज आणून ठेवला. एलिंग्टनच्या रंगपेटीत तोवर हे दोन रंग नव्हते.

इथे पोहोचेपर्यंत वेब्स्टर बरेच फिरला होता. त्याचा जन्म १९०९ सालचा, कॅन्सस सिटीचा. लहानपणी व्हायोलिन आणि मग पियानो शिकलेला हा मुलगा टेक्सासमधल्या ॲमरिलो गावात मूकपटांना पियानोची साथ करत असे. सॅक्सोफोनची पहिली बोटे त्याला बड जॉन्सनने दाखवली. पुढे तो यंग कुटुंबाच्या फिरत्या वाद्यवृंदात गेला, जिथे पुढे टेनरवादक म्हणून गाजलेल्या लेस्टर यंगच्या वडिलांनी त्याला स्वरलिपी वाचायला शिकवले आणि लेस्टर स्वतः शेजारी बसून वाजवत होता. त्यानंतर बेनी मोटन, फ्लेचर हेंडरसन, कॅब कॅलोवे, टेडी विल्सन यांचे वाद्यवृंद अशी त्या काळातली एकाहून एक मातब्बर ठिकाणे त्याने केली. यांतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९३४ मध्ये हेंडरसनचा नामवंत टेनरवादक कोलमन हॉकिन्स युरोपला निघून गेला, तेव्हा हेंडरसनने त्याच्या जागी लेस्टर यंगला घेतले. परंतु लेस्टरचा हलका, सरळ स्वर मंडळींना रुचला नाही, कारण त्यांच्या कानांत हॉकिन्सचा भरदार स्वर बसलेला होता. लेस्टर परत गेला आणि त्या खुर्चीवर वेब्स्टर आला. म्हणजे त्याची निवड झाली तीच मुळी हॉकिन्ससारखा वाजतो म्हणून. पंचविशीतल्या वादकाला यापेक्षा मोठी शाबासकी नाही आणि यापेक्षा अवघड ओझेही नाही.

कॅलोवेच्या वाद्यवृंदातली त्याची १९३६-३७ ची मुद्रणे ऐकली तर हे ओझे स्पष्ट ऐकू येते. प्रत्येक कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाच्या) पायऱ्या चढत-उतरत जाणारी भरगच्च स्वरवाक्ये, रुंद कंप आणि सतत पुढे ढकलणारा जोर. वादन उत्तमच आहे, पण त्यावर सही दुसऱ्याची आहे. हे मनात ठेवून या संचाची पहिली तबकडी लावावी.

तबकडीची सुरुवात ‘यू, यू डार्लिन’ या साध्याशा गाण्याने होते, आणि ज्याने या संचाची कीर्ती ऐकून तो लावला आहे त्याचा क्षणभर हिरमोड होण्याची शक्यता आहे. संच कालानुक्रमे लावलेला असल्यामुळे ६ मार्च १९४० च्या शिकागोतल्या बैठकीत जे झाले ते तसेच पुढ्यात येते. आधी गाणे, आणि मग त्याच दिवशी मुद्रित झालेली ‘जॅक द बेअर’ आणि ‘को-को’. एकाच दिवशी एकाच खोलीत इतक्या वेगवेगळ्या उंचीचे काम झाले हे क्रम न मोडल्यामुळेच कळते, म्हणून संपादकांचा हा निर्णय मला पटतो.

वेब्स्टर येण्याने वाद्यवृंदाच्या रचनेत जो फरक पडला तो नीट समजून घेतला तर ऐकण्याची गोडी वाढते. सॅक्सोफोनच्या ओळीत तोवर चौघे होते: टेनरहून वरच्या पट्टीच्या आल्टोवर जॉनी हॉजेस आणि ऑटो हार्डविक, क्लॅरिनेट आणि टेनरवर बार्नी बिगार्ड आणि खर्जातल्या बॅरिटोनवर हॅरी कार्नी. बिगार्डचा जीव क्लॅरिनेटमध्ये होता, त्यामुळे टेनरवर एकल वादन करणारा खंदा माणूस एलिंग्टनकडे नव्हताच. वेब्स्टर पाचवा म्हणून बसला. जुन्या रचनांच्या लिखित प्रती चौघांसाठीच होत्या, त्यामुळे पाचव्याने काय वाजवायचे हे सुरुवातीला त्याचे त्यालाच कानाने शोधावे लागे आणि चौघांनी न घेतलेला स्वर हुडकून तो धरावा लागे. आता या संचातले कोणतेही संथ मुद्रण लावून सॅक्सोफोनची ओळ एकत्र वाजत असताना मधल्या भागाकडे कान द्यावा. हॉजेसच्या चकचकीत आल्टोच्या खाली आणि कार्नीच्या खर्जाच्या वर एक मखमली जाडी जाणवते, ती या पाचव्या माणसाची आहे. एकल वादन सगळेच ऐकतात. पण दुसऱ्याच्या मागे कसे वाजवावे, स्वर किती पुसट ठेवावा आणि तरी तो कसा हरवू देऊ नये, हे वेब्स्टर या ओळीत बसून शिकला असे मला वाटते.

४ मे १९४० रोजी हॉलीवूडमध्ये मुद्रित झालेली ‘कॉटन टेल’ ही पहिल्या तबकडीवरची वेब्स्टरची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गर्श्विनच्या ‘आय गॉट रिदम’ या गाण्याच्या कॉर्डरचनेवर बांधलेली ही रचना प्रस्तावना न करता एकदम धावू लागते. मुखडा बत्तीस बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), आठ-आठच्या चार भागांचा, पण एलिंग्टन पहिल्याच फेरीत शेवटचा भाग अर्ध्यावर तोडतो आणि त्या तुटलेल्या कडेवरून वेब्स्टर उडी घेतो. दोन पूर्ण फेऱ्या, म्हणजे चौसष्ट बार, त्याच्या वाट्याला आले आहेत. तीन मिनिटांच्या मुद्रणात एका वादकाला इतकी जागा देणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. आणि तो ती जागा कशी वापरतो? सुरुवातीला छोटी, जवळजवळ बोलल्यासारखी वाक्ये, मध्ये श्वास, मग तेच वाक्य थोडे तिरके करून पुन्हा. जुन्या सवयीप्रमाणे कॉर्ड भरून काढण्याची घाई कुठेच नाही. एखादा स्वर तो जागेवरच उभा राहून पुन्हा पुन्हा ठोकतो, इतका की आता पुढे सरकणार की नाही असे वाटावे, आणि मग ट्रम्पेट-ट्रॉम्बोन या ब्रास वाद्यांच्या फटकाऱ्यांबरोबर आवाजाला खरखर चढते. खाली ब्लँटनचा बास न थकता चालत असतो आणि त्या दोघांच्या मध्ये जी ताणलेली दोरी आहे तिच्यावरच सगळे मुद्रण उभे आहे.

त्यानंतर पियानोवर स्वतः एलिंग्टन आणि बॅरिटोनवर कार्नी थोडा थोडा वेळ येऊन जातात, आणि मग पाचही सॅक्सोफोन मिळून एक संपूर्ण फेरी वाजवतात. हा भाग वेब्स्टरनेच बांधला असे मानले जाते. मला ते सहज पटते, कारण त्याची वाक्ये एका दमात म्हटल्यासारखी आहेत. कागदावर बसून जुळवलेली वाटत नाहीत. पाच माणसे एकाच माणसाच्या श्वासाने वाजवत आहेत असा भास होतो. हे मुद्रण मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. पण एकदा फक्त ब्लँटनवर, एकदा फक्त वेब्स्टरवर आणि एकदा फक्त त्या शेवटच्या सॅक्सोफोनच्या फेरीवर लक्ष ठेवून सलग तीनदा ऐकले, तेव्हा ते मला खऱ्या अर्थाने कळले. कुणालाही मी हेच सुचवेन.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे २२ जुलै १९४० ची ‘ऑल टू सून’. संथ चाल, लॉरेन्स ब्राउनच्या ट्रॉम्बोनवर आलेली मूळ धून, आणि मग वेब्स्टर. इथे त्याचा स्वर सुरू कधी होतो आणि श्वास कधी संपतो हे सांगता येत नाही. स्वराच्या आधी थोडी हवा, स्वर विझल्यावर उरलेली थोडी हवा, आणि दोन स्वरांमधल्या जागेत मींडेसारखी हळूच घसरण. पुढे याच फुंकरीने त्याला जगभर ओळख मिळाली. हे त्याने कुठून आणले, या प्रश्नाचे उत्तर याच संचात, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले आहे. जॉनी हॉजेस आल्टोवर एका स्वरावरून दुसऱ्यावर ज्या लाडिक, पण अचूक घसरणीने जातो, ती वेब्स्टरने रोज रात्री हातभर अंतरावरून ऐकली आणि टेनरच्या जाड आवाजात उतरवली. संचातले हॉजेसचे एखादे संथ वादन ऐकून लगेच ‘ऑल टू सून’ लावले की ही देवाणघेवाण इतकी उघड ऐकू येते की वेगळा पुरावा नको. हॉकिन्सचा शागीर्द इथे हॉजेसच्या शाळेत बसला आणि बाहेर पडला तो कुणाचाच शागीर्द राहिला नाही.

‘काँगा ब्राव्हा’, ‘बोजँगल्स’ आणि ‘मेन स्टेम’ मधली त्याची वादने छोटी आहेत, पण चुकवू नयेत. ‘जस्ट अ-सेटिन अँड अ-रॉकिन’ मध्ये तो आरामखुर्चीत डुलल्यासारखा निवांत वाजवतो आणि त्या निवांतपणातच त्याची ताकद आहे. ‘चेल्सी ब्रिज’ ही एलिंग्टनचा सहकारी रचनाकार बिली स्ट्रेहॉर्नची रचना मात्र थांबून ऐकावी अशी आहे. १९४१ च्या आरंभी रेडिओ कंपन्या आणि एलिंग्टन ज्या संघटनेचा सभासद होता त्या गीतकार-संगीतकारांच्या संघटनेत मानधनावरून वाद पेटला आणि एलिंग्टनच्या स्वतःच्या रचना रेडिओवर वाजवणे बंद झाले. त्यामुळे स्ट्रेहॉर्न आणि एलिंग्टनचा मुलगा मर्सर यांना घाईघाईने नवा संग्रह उभा करावा लागला. ‘टेक द ए ट्रेन’ त्याच अडचणीतून पुढे आली. स्ट्रेहॉर्नच्या धूसर, अधांतरी कॉर्डरचनांमध्ये वेब्स्टरचा श्वासाने भरलेला स्वर असा काही मिसळतो की जणू त्या रचना त्याच्यासाठीच लिहिल्या असाव्यात.

ध्वनीच्या दर्जाविषयी अपेक्षा नेमकी ठेवावी. मूळ मुद्रणे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकड्यांसाठी केलेली आहेत, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि चुकलेला भाग कापून जोडण्याची सोय नव्हती. चुकले की सगळे पुन्हा. त्यामुळे खरखर पूर्ण गेलेली नाही आणि जायलाही नको, कारण तिच्याबरोबर वेब्स्टरची हवाही गेली असती. माझ्या कानाला ब्लँटनचा बास इथे गोल आणि ठळक येतो, आणि ‘ऑल टू सून’ मधला श्वासही शाबूत आहे. हेडफोनपेक्षा चांगल्या स्पीकरवर, आवाज फार न चढवता हे संगीत अधिक खुलते असा माझा अनुभव आहे.

एक तक्रार मात्र या संचाची नाही, पण हा संच विकत घेण्याला कारण ठरली म्हणून सांगतो. आधी मी हीच मुद्रणे एका ऑनलाइन संगीतसेवेवर ऐकत असे. तिथे एकाच रचनेच्या चार प्रती दिसत, साल कुठे १९४० तर कुठे पुढच्या एखाद्या संकलनाचे, आणि पर्यायी मुद्रण कोणते, मूळ कोणते, याचा पत्ता नसे. ‘कॉटन टेल’ म्हणून मी काही महिने जे ऐकत होतो ते कितीतरी नंतरचे वेगळेच मुद्रण निघाले आणि त्यात वेब्स्टर नव्हताच! वादकाची वाटचाल ऐकायची तर तारीख आणि क्रम हाच पाया आहे, आणि तो इथे पक्का आहे.

संचाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. वेब्स्टरच्या मागे लागलेल्या श्रोत्याला मध्ये मध्ये बराच काळ तो सापडत नाही. हर्ब जेफ्रीजची गोड गाणी येतात, कूटी विल्यम्सचा ट्रम्पेट येतो, रेक्स स्ट्युअर्ट येतो. हा वाद्यवृंदच असा होता की प्रत्येकाला वाट पाहावी लागे, हे खरे असले तरी सलग साडेतीन तास ऐकण्याचा हा प्रकार नाही. दुसरी मर्यादा अधिक जाणवते. रेक्स स्ट्युअर्ट आणि बार्नी बिगार्ड यांच्या नावावर त्याच काळात छोट्या चमूंची जी मुद्रणे झाली आणि ज्यांत वेब्स्टर अधिक मोकळा वाजला आहे, ती इथे नाहीत. ती वेगळी मिळवावी लागतात.

आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे प्रत्यक्ष मैफलीतला वेब्स्टर. ७ नोव्हेंबर १९४० रोजी नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावच्या क्रिस्टल बॉलरूममध्ये हा वाद्यवृंद नाचाच्या कार्यक्रमाला वाजवत होता, तेव्हा जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुण चाहत्यांनी परवानगी घेऊन, हलवता येण्याजोग्या यंत्रावर तो कार्यक्रम मुद्रित केला. कूटी विल्यम्स नुकताच सोडून गेला होता आणि त्याच्या जागी आलेला रे नान्स अगदी नवा होता. त्या रात्री वेब्स्टरने वाजवलेले ‘स्टारडस्ट’ ऐकल्यावर लक्षात येते की स्टुडिओतल्या तीन मिनिटांच्या चौकटीने त्याला शिस्त लावली खरी, पण त्याचा दम त्याहून मोठा होता. त्या मुद्रणांना पुढे ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. स्टुडिओत करार पाळायचा म्हणून हा संच व्हिक्टरपुरताच राहणार हे समजण्यासारखे आहे, पण घेणाऱ्याने फार्गोचे मुद्रण सोबत ठेवावेच.

तिसरी तबकडी जुलै १९४२ मध्ये येऊन थांबते, कारण १ ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी वेब्स्टर वाद्यवृंदातून बाहेर पडला, न्यूयॉर्कच्या ५२ व्या रस्त्यावरच्या छोट्या क्लबांत रमला, १९४८-४९ मध्ये थोड्या काळासाठी एलिंग्टनकडे परतला आणि मग मोठ्या वाद्यवृंदांचे दिवसच सरले. पन्नाशीच्या दशकात निर्माता नॉर्मन ग्रँट्झने त्याला पुन्हा मुद्रणकक्षात आणले. १९५७ चे ‘सोलव्हिल’, त्याच सुमारास थेट हॉकिन्सबरोबर केलेली तबकडी, १९५९ मध्ये पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या साथीने केलेली तबकडी. हॉकिन्सबरोबरचे वादन तर मी या संचानंतर लगेच ऐकायला सांगेन. तेविशीत ज्याच्यासारखे वाजवण्यासाठी धडपडला त्याच्या शेजारी उभा राहून अठ्ठेचाळिशीतला वेब्स्टर एकाही वाक्यात त्याची नक्कल करत नाही, आणि आदरही कमी पडू देत नाही. १९६४ मध्ये तो युरोपला गेला, लंडन, ॲमस्टरडॅम आणि कोपनहेगनमध्ये राहिला, आणि सप्टेंबर १९७३ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या अस्थी कोपनहेगनच्या असिस्टेन्स दफनभूमीत आहेत.

१९३८ साली घेतलेला सेल्मर सॅक्सोफोन त्याने अखेरपर्यंत वाजवला. त्याला तो ‘ओल बेट्सी’ म्हणत असे. तो आता रटगर्स विद्यापीठाच्या जॅझ अभ्यास संस्थेत आहे आणि आपल्यानंतर तो कुणी वाजवू नये, अशी त्याची इच्छा होती. म्हणजे या संचात आपण जो सॅक्सोफोन ऐकतो तोच तो. ‘कॉटन टेल’ मध्ये गुरगुरणारा आणि दोनच महिन्यांनी ‘ऑल टू सून’ मध्ये नुसती फुंकर झालेला.

नव्याने ऐकणाऱ्याने पहिल्या दिवशी फक्त ही दोन मुद्रणे लावावीत, दुसऱ्या दिवशी ‘चेल्सी ब्रिज’ आणि ‘जस्ट अ-सेटिन अँड अ-रॉकिन’, आणि त्यानंतर पहिल्या तबकडीच्या पहिल्या गाण्यापासून, त्या साध्याशा ‘यू, यू डार्लिन’ पासून, क्रमाने सुरुवात करावी. तोवर सॅक्सोफोनच्या ओळीतला पाचवा माणूस कानाला ओळखीचा झालेला असेल.